प्रोटेस्टवरची सही

आमच्या क्लबाने मॅनेजर काढला, तो सामना हरला म्हणून नव्हे. सामने आम्ही नेमाने हरत होतो आणि त्याची कुणाला लाज नव्हती. मॅनेजर काढला, कारण हरल्यावर द्यायचा प्रोटेस्ट त्याने उशिरा दिला.

हे ज्याला विचित्र वाटेल, तो अमरावतीचा नसावा. आमच्या फुटबॉल क्लबाच्या कमिटीत झाडून सगळे वकील होते. त्यांच्यातल्या एकालाही चेंडूला नीट लाथ मारता येत नसे, पण खेळाचे नियम कलमवार पाठ. शिट्टी वाजली की सामना संपला, असं खेळणारे समजतात. आमच्या कमिटीच्या मते तेव्हा तो दाखल होतो.

दर वर्षी दसरा आटोपला की अकोल्याला टुर्नामेंट भरे. तिच्या नियमांत एक कलम होतं : कुणाची तक्रार असेल तर शेवटच्या शिट्टीपासून अर्ध्या तासात, लेखी, आणि मॅनेजरच्या स्वतःच्या सहीने द्यावी. टुर्नामेंट ज्यांनी सुरू केली त्यांनी हे कलम सहज घातलं असेल. आमच्या लोकांनी त्यावर संसार थाटला. आमचे जुने मॅनेजर वयस्क वकील. कोर्टात त्यांच्याकडे पक्षकार फिरकत नसे, म्हणून सगळी विद्या त्यांनी मैदानावर खर्च केली. एका वर्षी चेंडूत हवा जास्त निघाली. एका वर्षी रेफरी आणि समोरचा गोलकीपर हे साडू असल्याचा शोध लागला. टुर्नामेंटच्या शील्डवर आमच्या क्लबाचं नाव दोनदा कोरलेलं आहे. अंतिम सामना मैदानात आम्ही एकदाही जिंकलेला नाही.

शील्डचा एवढा हव्यास कशाला, असं कुणी विचारील. शील्ड गोऱ्या डिप्टी कमिशनर साहेबाच्या हातून मिळे. साहेब हस्तांदोलन करी आणि फोटो निघे. आमचे अध्यक्ष शहरातले नामांकित वकील, देशभक्तीच्या सभेत हमखास तिसरे वक्ते. व्यासपीठावर ते विलायती कापडाच्या चिंध्या करीत आणि घरी दिवाणखान्यात साहेबाचा हात धरलेला फोटो लावीत. मी त्या वेळी पत्रकं लिहून छापून वाटणारा खादीधारी पोरगा होतो आणि त्याच क्लबात लेफ्ट-हाफ खेळत होतो. पोलिसांपुढे पळून पळून पाय तयार झाले होते, ते कुठे तरी वापरावे म्हणून.

तर जुन्या मॅनेजरांचं घड्याळ अकोल्यात मागे पडलं. ते निवांत चहा पीत होते. प्रोटेस्ट घेऊन पंचांच्या टेबलाशी पोचले तेव्हा टेबल उचलून नेलं होतं. अमरावतीत त्यांच्यावर अविश्वासाचा ठराव आला. त्यांनी घड्याळ पुरावा म्हणून सादर केलं. कमिटीने घड्याळाची उलटतपासणी घेतली, आणि घड्याळवाल्याला काढलं.

आता नवा कोण? कमिटीतल्या प्रत्येकाजवळ एक एक भाचा किंवा साला तयार होता, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा भाचा नालायक आहे याची खात्री होती. या एका बाबतीत सगळ्यांचं बरोबर होतं. शेवटी असा माणूस शोधला की जो कुणाचाच कोणी लागत नाही. हायस्कुलातला कवायत-मास्तर. माझा मित्र. अंबानाल्याच्या काठी त्यांचा मळा. आई वांगी, मेथी आणि झेंडूची फुलं घेऊन बाजारात बसे. त्या जातीतला माणूस आमच्या क्लबात तोवर चेंडू आणायला सुद्धा ठेवला नव्हता. आता एकदम मॅनेजर! अध्यक्षांनी भाषणात याला उदारमतवाद म्हटलं. पण मास्तराची नोकरी अजून कायम झालेली नव्हती, आणि शाळेच्या कमिटीचेही अध्यक्ष हेच वकीलसाहेब होते, हे भाषणात आलं नाही. दोरी दोन्हीकडून त्यांच्याच हातात. पहिल्याच बैठकीला चिटणीस म्हणाले, "चला, हारांची तरी सोय झाली." तेव्हापासून क्लबाच्या हारांचे पैसे देणं बंद झालं.

मास्तराला खेळ कळत होता. सकाळी सकाळी तो आम्हाला नाल्याच्या काठाने पळवी. काळ्या चिकण मातीत पाय घोट्यापर्यंत रुततात, तिथे चेंडू अडवायला शिकवी. भाचेमंडळी दोन दिवस आली. तिसऱ्या दिवशी एकाच्या काकूंनी निरोप पाठवला की चिखलाने पोराला सर्दी होते.

मग सुरू झाला दाब. आणि तो मास्तरावर थेट येईना, कारण वकील लोक मधला साक्षीदार गाठतात. ते त्याच्या आईकडे भाजी घ्यायला येऊ लागले. जन्मात कधी पिशवी उचलली नाही ती माणसं धोतराचा सोगा धरून वांगी निवडू लागली. एक दिवस मी तिथे उभाच होतो. एक वकीलसाहेब वांगं दाबून पाहत म्हणाले,

"काय बाई, मास्तर काय म्हणतात? आमच्या भाच्याला राइट-आउटला ठेवणार ना? पोरगा हुशार आहे हो. इंटरला आहे."

"मले त्यातलं काय समजते साहेब," ती म्हणाली. "ते वांगं ठेवा खाली, किडकं हाय."

"हो का? बरं झालं सांगितलंस."

"तुमी वांगं इतकं दाबून-दाबून घेता, मंग माह्या पोराले गडी काहून नाही निवडू देत?"

साहेब हसले. वांगी घेतली आणि भाचाही ठेवून गेले. मास्तराने चार भाचे संघात घेतले. मी त्याच्यावर उखडलो.

"लेका, तू मॅनेजर आहेस का पाळणाघर चालवतोस?"

"कायम होऊ दे मले," तो म्हणाला. "मंग पाहू."

हेच त्याचं उत्तर होतं आणि ते मला सहन होत नव्हतं. सगळा देश तेव्हा 'आधी कायम होऊ दे' म्हणत बसला होता, म्हणून तर आपण जिथल्या तिथे होतो. मी हे त्याला सांगितलंही. तो म्हणाला, "देशाले दोन बहिणी लग्नाच्या नाहीत."

अकोल्याला आम्ही बडनेऱ्याहून पॅसेंजरने निघालो. खेळाडू एका डब्यात, कमिटी दुसऱ्यात. मूर्तिजापूरला मी पाणी प्यायला उतरलो, तेव्हा कमिटीच्या डब्यात अध्यक्ष मांडीवर पाट ठेवून काही लिहिताना दिसले. मी खिडकीशी गेलो. प्रोटेस्ट लिहून चालला होता. सामना व्हायचा होता. संघ अजून गाडीत बसून पोहे खात होता. आणि इकडे अर्ज तयार : 'अर्जदार क्लब सविनय निवेदन करतो की आजचा सामना खालील कारणास्तव रद्द ठरवून पुन्हा खेळविण्यात यावा.' पुढे 'कारण' असं लिहून दोन ओळी कोऱ्या. त्याखाली मॅनेजरच्या सहीची जागा.

"साहेब, आपण जिंकलो तर?" मी विचारलं.

अध्यक्षांनी वर पाहिलं. माझ्या डोक्यात काही बिघाड आहे का, ते पाहत असावेत. "तर हा कागद वाया जाईल," ते म्हणाले.

कागद वाया गेला नाही. अकोल्याच्या पोरांनी आम्हाला रीतसर बडवलं. त्यांचा राइट-आउट म्हणजे पातूरकडचा एक काळाभोर पोट्टा होता, अनवाणी. तो मला ओलांडून जाई तेव्हा मला फक्त वारा लागे. आमच्या राइट-आउटला, म्हणजे इंटरच्या हुशार भाच्याला, बूट होते. सबंध सामन्यात त्यांना चिखल लागला नाही.

शिट्टी वाजली. अकोलेकर नाचायला लागले. आमची कमिटी मंडपातून लगबगीने मैदानात उतरली. एकाने अमरावतीहून आणलेला फीत-टेप काढला आणि गोलचे खांब मोजले. खांब बरोबर भरले. दुसरे चेंडू दाबून पाहू लागले, वांग्यासारखाच. चेंडूही बरोबर. वेळ जात होता. तेवढ्यात कुणाला पातूर आठवलं.

"तो राइट-आउट पातूरचा आहे! अकोल्याचा रहिवासी नव्हे, नियमात रहिवासीच हवा! झालं काम. लिहा मास्तर."

अध्यक्षांनी कागद आणि आपलं फाउंटन पेन मास्तरापुढे धरलं. मास्तर घामाघूम, पायाला चिखल. आम्ही खेळाडू भोवती उभे.

"साहेब, आपला गोलकीपर भातकुलीचा हाय," मास्तर म्हणाला.

"त्याचं बिऱ्हाड माझ्या ओसरीवर आहे."

"परवापासून."

"रहिवासाला मुदत कुठे घातली आहे नियमात? दाखवा." अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले. "मास्तर, वाद घालायची ही वेळ नव्हे. शाळा-कमिटीची बैठक सोमवारी आहे. तुमच्या कायमपणाचा विषय पहिलाच घेतलाय मी."

एवढंच बोलले. धमकी नव्हतीच ती. चांगल्या वकिलाला धमकी द्यावी लागत नाही, तो फक्त कामकाजाची पत्रिका वाचून दाखवतो. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "करू नको सही." भाचा म्हणाला, "तू गप रे खादी." मास्तर कुणाकडेच पाहत नव्हता. तो पातूरच्या पोट्ट्याकडे पाहत होता. त्याला लोकांनी खांद्यावर घेतलं होतं आणि तो पडायच्या भीतीने एकाच्या शेंडीला धरून होता.

मग मास्तर खाली बसला, कागद मांडीवर घेतला, कोऱ्या जागेत लिहिलं आणि सही केली.  अध्यक्षांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मास्तर उठला आणि स्वतः पळत जाऊन टेबलावर कागद देऊन आला. उशीर झाला असं कुणी म्हणायला नको.

टुर्नामेंटचे चिटणीस, तेही वकीलच, कागद घेऊन खुर्चीवर चढले. प्रोटेस्ट जाहीर वाचायची तिथे चाल होती. 'सविनय निवेदन करतो की' इथवर त्यांचा आवाज खणखणीत होता.

"कारण," त्यांनी वाचलं आणि थांबले. चष्मा सारखा केला. "कारण : आम्ही वाईट खेळलो. सही, मॅनेजर."

 मग दोरीपलीकडून कुणीतरी ओरडलं,

"खरं बोलणारा वकील पायला बाप्पा आज!"

"वकील नाही गा, मास्तर हाय तो."

"मंग गेली लेकाची नोकरी!"

आणि सगळं अकोला हसलं. मी पण हसलो. मास्तर हसला नाही. त्या तिसऱ्या माणसाने बरोबर सांगितलं होतं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

परतीच्या गाडीत कमिटीची तातडीची बैठक भरली. बोरगावला ठराव मांडला, मूर्तिजापूरला तो दुरुस्त झाला, बडनेऱ्याला मंजूर. मास्तर बडतर्फ. सोमवारी शाळा-कमिटीत कायमपणाचा विषय पहिला होता तो शेवटी गेला आणि शेवटी वेळ उरला नाही. हेडमास्तरांनी त्याला खाजगीत सांगितलं, दिवाळीनंतर दुसरीकडे बघा.

मी संध्याकाळी त्याच्या मळ्यात गेलो. खिशात पत्रक तयार होतं. 'लांडग्यांच्या कळपात एक माणूस' असा मथळा होता आणि खाली विशेषणं अशी की प्रेसवाला टायपाचे खिळे कमी पडतील म्हणाला होता. मास्तर वाफ्याला पाणी देत होता. आई झेंडू खुडत होती. तिने मला पाहिलं आणि तिथूनच सुरू केलं,

"आला का पुढारी! खरं बोलाचं होतं तं कायम झाल्यावर बोलाचं. तवा का खरं संपून जात होतं?"

मी मास्तराला पत्रक वाचून दाखवलं. त्याने पाण्याची धार एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवली.

"छापू नको," तो म्हणाला.

"का? भितोस?"

"हाव, भेतो. तुले पत्रक पायजे, मले नोकरी पायजे. तुह्यं पत्रक निंघालं की त्याइले कारण सापडते. आता तरी कारण नाही त्याइच्याजवळ. मनात ठेवून राह्यले."

"मग लिहिलंस कशाला तसं?"

त्याने फावड्याने माती ओढून वाफ्याचं तोंड बुजवलं. "त्या पोट्ट्याले पातूरचा म्हणाचं म्हणजे... तो माह्या डोयासमोर खेळला ना बे. मंग हात तेच लिहून बसला."

मी पत्रक छापलं नाही. त्यातली चांगली विशेषणं पुढे म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीत वापरली.

पण अकोल्याला टुर्नामेंटचे निवाडे करणाऱ्या पंचांना आम्ही विसरलो होतो. आमचे वकील तसे त्यांचे वकील. रीतसर दाखल झालेला अर्ज नुसता हसून सोडून द्यायचा, हे त्यांच्या रक्तात बसेना. त्यांनी त्यावर बैठक घेतली. निकाल लेखी आला, तो आमच्या चिटणिसांनी कमिटीत वाचला : अर्ज मुदतीत आहे. सही मॅनेजरची आहे. दिलेलं कारण वस्तुस्थितीस धरून असून प्रतिपक्षाने ते नाकारलेलं नाही, उलट मोठ्या उत्साहाने कबूल केलं आहे. कबूल कारणावर मागितलेली दाद नाकारता येत नाही. सबब सामना अमरावतीस पुन्हा खेळवावा, आणि अर्जदार संघ ज्या मॅनेजरच्या सहीने अर्ज आला त्याच्याच हाताखाली उतरावा. अन्यथा अर्ज रद्द.

इतकी वर्षं आमच्या जुन्या मॅनेजरांनी हवा मोजली, साडू शोधले. खरं कारण दिलं असतं तर दर वर्षी सामना पुन्हा मिळाला असता, हे कुणाच्या स्वप्नात आलं नव्हतं.

कमिटीत हर्ष झाला आणि लगेच मावळला. मॅनेजर तर काढला होता! एकाने सुचवलं, बडतर्फीचा ठराव गाडीत झाला, गाडी क्लबाच्या हद्दीत येत नाही, सबब ठराव झालाच नाही. हे सर्वांना फार पटलं. पण मास्तराला कोण पटवणार?

अध्यक्ष स्वतः मळ्यात आले. मी तिथे होतोच. त्या दिवसांत मी तिथून हलत नव्हतो. पंपशू घालून ते ओल्या वाफ्यात उतरले आणि तिथेच रुतले. एक पाय निघाला, बूट आत राहिला. मास्तराच्या आईने बूट ओढून काढला, पदराने पुसला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"बसा साहेब. वांगी देऊ का?"

"मास्तर," अध्यक्ष म्हणाले, "झालं गेलं विसरा. क्लबाला तुमची गरज आहे. डिप्टी कमिशनर साहेब स्वतः येणार आहेत सामन्याला."

"येतो ना," मास्तर म्हणाला. "पण तो कायमपणाचा विषय पहिला होता म्हणत होते तुमी."

"होईल हो. सामना होऊ द्या."

"सामना होऊ द्या असं म्हणू नका साहेब. माह्या दोस्ताले राग येते. तो म्हणते, सगळा देश असाच बसून हाय."

मी जन्मात कधी इतका खूश झालो नव्हतो.  मग अध्यक्षांनी तासभर युक्तिवाद केला. मास्तर एकच वाक्य बोलत होता : आधी ठराव, शिक्क्यासह. शेवटी शाळा-कमिटीची तातडीची बैठक अध्यक्षांच्या दिवाणखान्यात, त्या फोटोखाली भरली. मास्तर कायम झाला. कागद आईने देव्हाऱ्यात, कुंकवाच्या करंड्याखाली ठेवला.

आता तरी भाचे काढ, असं मी त्याला म्हणालो. आता तुझं काय वाकडं करतील? त्याने नाही काढले. चारही खेळवले, इंटरचा हुशार सुद्धा. म्हणाला, "त्याइचा क्लब, त्याइचे भाचे. माह्यं माह्या जागी आलं." यावर आमचं भांडण झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. माझं म्हणणं असं की हातात आलेली काठी कुणी कोपऱ्यात ठेवत नसतो. त्याचं म्हणणं असं की ती काठी नव्हती, छत्री होती.

सामना झाला. डिप्टी कमिशनर साहेब आला, त्याच्या गळ्यात मास्तराच्या मळ्यातला हार पडला, आणि पातूरच्या पोट्ट्याने आमच्याच मैदानावर आम्हाला अकोल्यापेक्षा जास्त बडवलं. शेवटची शिट्टी वाजली आणि सवयीने अध्यक्ष मैदानात उतरले. खिशात घडी केलेला कागद होताच. भोवती अमरावतीचा निम्मा गाव, खुर्चीवर साहेब. अध्यक्षांनी कागद उलगडला आणि मग कुणासमोर धरायचा ते त्यांच्या ध्यानात आलं.

मास्तराने अदबीने आपलंच पेन काढलं. टोपण उघडलं.

"देऊ का साहेब लिहून?" तो म्हणाला. "कारण तेच हाय."

अध्यक्षांनी कागदाची पुन्हा घडी घातली.

त्या संध्याकाळी मास्तराला क्लबातून आभारपूर्वक काढलं. शाळेतून काढता आलं नाही, कारण तिथल्या ठरावावर सही अध्यक्षांचीच होती. क्लबात जुने मॅनेजर परत आले. त्यांना निवडताना कमिटीने एक घड्याळ भेट दिलं, आणि हारांचे पैसे पुन्हा सुरू झाले. मास्तराच्या आईने दर वाढवला.